नाताळच्या पानावर रोजच्या प्रार्थनेबद्दलही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर लागला की तुमच्या पेपरात आमचं पान येतं, दरवर्षी येतं, त्याबद्दल आभारच आहेत. पण त्यात असतं काय तर केक, चांदणी, सांताक्लॉजची टोपी घातलेली पोरं आणि कॅम्पातल्या चर्चवरची लाइटिंग, एवढं झालं की आम्ही ख्रिस्ती लोक पुढच्या डिसेंबरपर्यंत पेपरातून गायब. बेळगावात १८२० साली लंडन मिशनचं काम सुरू झालं, पुढे मेथडिस्ट आले, कॅथलिकांचं बेळगाव धर्मप्रांत १९५३ चं, म्हणजे आम्ही काय काल-परवा आलेलो नाही, आणि तरी शेजारच्या माणसाला आमच्याबद्दल एवढंच माहीत असतं की हे लोक रविवारी जातात. आमच्या गल्लीतले एक काका तर तोंडावर म्हणतात, "तुमचं बरं हाय ओ, आठवड्यातनं एकदा गेलं की झालं." ते स्वतः वारकरी, त्यांचा संध्याकाळचा हरिपाठ पावसात लाइट गेली तरी चुकत नाही, त्यामुळे त्यांना तसं बोलायचा हक्क आहे असं मी समजते. पण खरं सांगायचं तर आमच्यातलेच बरेच जण असंच समजून चालतात, आणि म्हणून हे पत्र.

आधीच सांगते, हे पत्र कोणी धर्म बदलावा म्हणून नाही, सध्या दिवस असे आहेत की हे सांगावं लागतं. हे आमच्या आमच्यातलं बोलणं आहे, फक्त पेपरातून.

आमच्यात "विश्वासात वाढा" हे वाक्य प्रत्येक उपदेशात येतं. पाळक (चर्चचे धर्मगुरू) सांगतात, बाहेरून आलेले वक्ते सांगतात, मोठ्या सभांमधे तर स्पीकर फाटेपर्यंत सांगतात. पण वाढायचं म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं हे फार कमी लोक सांगतात. मग माणसं आपापलं काहीतरी शोधून काढतात, कोणी तीन दिवसांच्या सभेला जाऊन रडून मोकळं होऊन येतो आणि आठवड्यात परत जैसे थे, कोणी सकाळी उठल्या उठल्या वीस ग्रुपवर वचन फॉरवर्ड करतो, फुलांचा फोटो, त्यावर एक ओळ, खाली गुड मॉर्निंग. पाठवणाऱ्यानं ती ओळ ज्या अध्यायातली आहे तो अध्याय उघडलाय का विचारा एकदा.

उदाहरण देते. सगळ्यात जास्त फिरणारं वचन म्हणजे यिर्मया २९:११, म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला २९ वा अध्याय, ११ वी ओवी, देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे विचार आहेत, तुम्हाला आशा आणि चांगलं भविष्य द्यायचे विचार आहेत, या अर्थाचं. दहावीचा रिझल्ट, नोकरीचा इंटरव्ह्यू, नवीन दुकान, सगळ्याला हेच. पण तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला तर कळतं की ते एक पत्र आहे, आणि ते पत्र यरुशलेममधून धरून बाबेलला नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, परक्या राजाच्या मुलखात अडकलेली माणसं. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळं संपणार, आपण परत येणार. लोकांना ते आवडलं असणारच. यिर्मया मात्र सांगतो सत्तर वर्षं. आणि तोपर्यंत काय करा, तर घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, पोराबाळांचं बघा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं झालं तर तुमचंही होईल. हे सगळं झाल्यावर मग ती फॉरवर्डवाली ओळ येते.

आता मला सांगा, १९५६ पासून ज्या भागात माणसं कोर्टाच्या तारखा आणि निवडणुकीतली आश्वासनं मोजत बसली त्या भागात हा अध्याय अख्खा वाचायला नको का. मी सीमाप्रश्नावर लिहीत नाहीये, त्यावर तुमच्याकडे रोज पत्रं येतात. मला एवढंच म्हणायचंय की दोन वर्षांत सगळं ठीक होईल म्हणणारा भरवसा वेगळा आणि सत्तर वर्षं जातील पण झाड लाव म्हणणारा भरवसा वेगळा, आणि बायबल दुसऱ्याबद्दल बोलतंय हे एक ओळ तोडून घेतली तर कधीच कळणार नाही. शहरासाठी प्रार्थना करा म्हटलंय तर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, एका आजी रोज बेळगावसाठी प्रार्थना करतात, नाव घेऊन, मार्केटसाठी, बिम्स हॉस्पिटलच्या वॉर्डांसाठी, कन्नड शाळेसाठी पण आणि मराठी शाळेसाठी पण, महानगरपालिकेसाठी सुद्धा (तिथे जरा जास्त वेळ लागतो असं त्याच हसून म्हणतात).

तर पहिली सवय ही, की अख्खं वाचा. थोडं वाचा पण सलग वाचा, डोळे मिटून बायबल उघडून बोट ठेवायचं आणि ते आजचं वचन म्हणायचं हे बंद करा. ज्यांनी कधीच वाचलं नाही त्यांनी मार्कपासून सुरू करावं, येशूच्या चरित्राची जी चार शुभवर्तमानं आहेत त्यांत ते सगळ्यात लहान, १६ अध्याय, रोज एक वाचला तरी महिन्याच्या आत संपतं. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, आज जी तारीख तो अध्याय, लक्षात ठेवायला पण सोपं. स्तोत्रं १५०, रोज पाच म्हटली तर महिन्यात पुरी होतात, फक्त ११९ वं ज्या दिवशी येईल त्या दिवशी जरा लवकर उठा कारण त्याच्या एकट्याच्या १७६ ओव्या आहेत. आणि वेळ ठरवून घ्या. सकाळी पाणी येतं तेव्हा नळावर गडबड, पोरांचे डबे, त्यामुळे ज्या बाईला सकाळी जमत नाही तिनं दुपारी जेवणानंतर बसावं, काही बिघडत नाही. दानीएल दिवसातून तीनदा खिडकीपाशी गुडघे टेकायचा, प्रार्थनेवर बंदी आल्यावर पण तसंच केलं त्यानं, आणि तिथं बायबलमधे एक छोटासा तुकडा आहे की तो हे आधीपासूनच असं करत आला होता. सिंहाच्या गुहेची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे पण संकट आल्यावर त्यानं नवीन काही सुरू केलं नाही ही त्यातली खरी गोष्ट, रोजचंच चालू ठेवलं.

फोनचं म्हणाल तर मी फोनच्या विरोधात नाही, आता मराठी बायबलची ॲप आहेत, ऑडिओ आहे, उद्यमबागला शिफ्टला जाणारी पोरं बसमधे कानात घालून ऐकतात, चांगलंच आहे. फक्त फोन हातात घेतला की आधी स्टेटस बघितलं जातं आणि मग वेळ संपते, म्हणून घरी असताना छापील पुस्तक बरं.

दुसरं, प्रार्थनेत खोटं बोलू नका. हे ऐकून काहींना राग येईल. पण आमच्यात असा एक समज आहे की देवाजवळ फक्त गोड बोलायचं, थँक्यू प्रभू, स्तुती असो, आणि मनात जे चाललंय ते दाबून ठेवायचं कारण तक्रार केली तर अविश्वास दिसतो. २०१९ च्या ऑगस्टमधे पुराचं पाणी आलं, चिकोडी अथणी रायबाग गोकाककडे कृष्णा आणि घटप्रभेनं गावंच्या गावं बुडवली, इकडे मलप्रभेनं खानापूरला तेच केलं, ऊस सडला, जनावरं गेली, घराच्या मातीच्या भिंती बसल्या. त्या वेळी छावणीतल्या माणसाला जाऊन "देव जे करतो ते भल्यासाठी" म्हणणारे लोक मी ऐकलेत, आणि मला तेव्हाही ते पटलं नाही, आत्ताही पटत नाही. स्तोत्रसंहितेत १३ वं स्तोत्र सुरूच होतं "किती काळ" या प्रश्नानं. ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत उजाडतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी आहे की अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. लोक "तरी" च्या पुढचं पाठ करतात. पण हबक्कूकनं आधी नुकसानीची अख्खी यादी केली, तलाठ्याच्या पंचनाम्यासारखी एकेक गोष्ट लिहिली, आणि त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला तो देवाशी चक्क भांडलाय की मी हाका मारतोय आणि तू ऐकत नाहीस. म्हणून माझं म्हणणं की ज्याचं गेलंय त्याला यादी करू द्या देवापुढे, त्याची "तरी" वर यायची वेळ त्याची त्याला सापडेल, आपण घाई करायची नाही.

यासाठी एक वही ठेवावी. साधी शंभर पानी, पोरांची अर्धी उरलेली असेल तर तीच. डाव्या पानावर तारीख आणि मागणी, उजवं पान रिकामं सोडायचं, नंतर काय झालं ते तिथं लिहायचं, झालं असेल तर झालं, नाही तर नाही, आणि जे मागितलं त्याच्यापेक्षा वेगळंच काही झालं असेल तर ते. माणसाची मेमरी फार कमी असते, संकट गेलं की प्रार्थना पण विसरतो. वहीत उजवी पानं रिकामी पण राहतात, बरीच राहतात, आणि ती फाडू नयेत. कॅथलिक लोकांमधे झोपायच्या आधी आजचा दिवस देवासमोर परत आठवायची पद्धत आहे, सोळाव्या शतकात लोयोलाच्या इग्नेशियसनं ती नीट घालून दिली, ज्यांच्या जेझुइट संघाची सेंट पॉल्स शाळा आपल्या कॅम्पात आहे ते हेच. आज कुठं देवाची साथ जाणवली, कुठं माझं चुकलं, कोणाला तोडून बोललो, एवढंच बघायचं. लोंढा खानापूरकडच्या कोकणी कॅथलिक घरात संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात तेव्हा पण हेच होतं, दिवस थांबतो. आम्ही प्रोटेस्टंट लोक उगीच नाक मुरडतो, घेण्यासारखं असेल ते घ्यावं.

पैशाचं जरा स्पष्ट बोलते कारण इथंच विश्वासाची खरी परीक्षा होते. ऊसवाल्या घरात पैसा फॅक्टरीचं बिल जमा झालं की एकदम येतो आणि मग बरेच महिने येत नाही, पगारदाराचा एक तारखेला येतो आणि दहाला संपतो, फायनान्सच्या हप्त्याची बाई मात्र ठरल्या दिवशी दारात उभी. अशा माणसाला एखादा वक्ता स्टेजवरून सांगतो की विश्वासानं हजार रुपये पेरा, देव शंभरपट देईल. हे सरळ चूक आहे. बायबलमधे विधवेनं दोन दमड्या टाकल्या तेव्हा येशूनं तिला पुढे किती मिळालं ते सांगितलं नाही, तिनं तिची सगळी उपजीविका टाकली एवढंच सांगितलं, आणि त्याच्याच आधीच्या ओळींत विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर तो तुटून पडलाय हे पण बघा. दशांश द्या, जमेल तितकं ठरवून आणि गुपचूप द्या, पण लॉटरीचं तिकीट समजून देऊ नका, आणि कर्ज काढून तर बिलकुल देऊ नका.

भरवशाची सवय लावायची असेल तर बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा १६ वा अध्याय वाचा. रानातून चाललेल्या इस्राएल लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, पडायचा, प्रत्येकानं त्या दिवसापुरता गोळा करायचा, उद्याचा म्हणून ठेवला तर त्यात किडे पडायचे, फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा कारण सातव्या दिवशी विश्रांती आणि तो मात्र नासायचा नाही. त्यात दोन्ही आहे, उद्याची काळजी करून साठवू नको पण सुट्टीची तयारी आदल्या दिवशी कर. म्हणून विमा काढणारा, पोस्टात आरडी ठेवणारा ख्रिस्ती माणूस कमी विश्वासाचा असं कोणी म्हणत असेल तर त्यानं हा अध्याय नीट वाचलेला नाही. मी घरात एवढंच बघते की रात्री झोपताना उद्याच्या तीन काळज्या तोंडानं बोलायच्या, त्यातल्या ज्या माझ्या हातात आहेत त्याचं सकाळी काम करायचं, बाकीच्या देवाला सांगून दिवा बंद.

आणि औषध. हे लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. प्रार्थना झाली म्हणून शुगरच्या गोळ्या बंद केलेली माणसं आपल्या भागात आहेत, टीबीचा कोर्स मधेच सोडलेली आहेत, आणि नंतर काय होतं ते घरच्यांना विचारा. कोणी सांगितलं कोण वक्ता ते मी लिहीत नाही. पण निपाणी चिकोडी अथणीची माणसं पिढ्यान् पिढ्या मिरजेला ज्या दवाखान्यात जातात तो डॉ. वानलेस या मिशनरी डॉक्टरनं १८९४ मधे सुरू केला, देवावर विश्वास होता म्हणूनच तो हातात सर्जरीची हत्यारं घेऊन इतक्या लांब आला. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. प्रेषित पौलानं आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेत जा असं लिहिलं, नुसती प्रार्थना कर असं लिहिलं नाही. आणि मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं येशूला सांगणारा कोण होता तर सैतान, आणि त्यासाठी त्यानं वचन पण बरोबर काढून दिलं होतं! तेव्हा गोळी घ्या आणि प्रार्थना करा, दोन्ही एकाच पाण्याच्या घोटानं.

या बाबतीत पंडिता रमाबाईंकडे बघावं. जन्म १८५८, आपल्याच कर्नाटकातल्या घाटातल्या गंगामूळला, आणि काम केडगावला. दुष्काळात शेकड्यांनी मुली-बायका आणून सांभाळल्या, रोजच्या अन्नासाठी देवावर अवलंबून राहायच्या, पण विहिरी खणून घेतल्या, बाग केली, मुलींना छपाई शिकवली, आणि बायबलचं भाषांतर करायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पावसासाठी गुडघ्यावर पण बसायचं आणि खणत पण राहायचं, आमच्यातले काही लोक ह्यातलं एकच करतात.

घरातली प्रार्थना हा विषय आता अवघड होत चाललाय. पोरं इंग्लिश मीडियमला नाहीतर कन्नड मीडियमला, मराठी बोलतात पण देवनागरी अडखळत वाचतात, आजोबांचं बायबल त्यांना जड जातं. म्हणून घरी दहा मिनिटं, जास्त नको, जास्त केलं की पोरं पळतात. पोरानं चार ओव्या मोठ्यानं वाचायच्या, अडखळला तरी कोणी हसायचं नाही, एकानं आज कशाबद्दल आभार मानायचे ते सांगायचं, एक भजन टाळ्यांवर, झालं. यातून मराठी पण सुधारते, हा बोनस. शाळेत कन्नडमधे शिकलेली प्रार्थना पोरानं म्हटली तर ती पण म्हणू द्या, देवाला सीमाभागाची दोन्ही भाषा येते.

बाकी शंका येतात, त्याचं काय करायचं असं तरुण पोरं विचारतात. येऊ द्यात. मार्कच्या ९ व्या अध्यायात एक बाप आजारी पोराला घेऊन येशूकडे येतो आणि म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, एकाच दमात दोन्ही बोलतो, आणि येशू त्याला आधी विश्वास पक्का करून ये म्हणून परत पाठवत नाही, पोरगा बरा करतो. तेवढ्यावर पण काम चालतं. फक्त शंका एकट्यानं घेऊन बसू नका, मंडळीतल्या कोणा जाणत्या माणसाकडे जा, नुसता यूट्यूबवर शोधत बसलात तर तिथं प्रत्येक प्रश्नाला चढ्या आवाजात उत्तर देणारा कोणीतरी सापडतोच.

तर संपादक साहेब, मागणी साधी आहे. यंदा नाताळच्या पानावर केक असू दे, मला पण आवडतो, पण अर्धा कॉलम अशा रोजच्या गोष्टींना द्या, आमच्यातल्या चार वयस्कर बायकांना विचारा त्या दिवसभरात कधी आणि कशी प्रार्थना करतात. जमलं तर राख बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात आठवड्याला एकदा काहीतरी द्या. आणि आणखी एक, शनिवारच्या अंकात शहरातल्या आणि तालुक्यातल्या उपासनेच्या वेळा छापा, कुठे मराठी, कुठे कन्नड, कुठे इंग्लिश, मिस्सा किती वाजता ते लिहून. कामाला म्हणून खेड्यातून बेळगावात आलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी बरीच पोरं आहेत ज्यांना आपल्या भाषेतली उपासना कुठं असते तेच माहीत नसतं, आणि ती विचारत पण नाहीत. वेळा गोळा करून द्यायचं काम आमची मंडळी करेल, फक्त कोणाकडे आणि कुठल्या वारापर्यंत द्यायच्या तेवढं कळवा.

आपली नम्र,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव